कताल नानची होडी

फार वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडे, ग्वाटेमालाच्या डोंगरांत एक तळं होतं. तळ्याकाठी माया लोकांचं लहानसं गाव. त्यांची बोली त्या गावापुरतीच. बोलताना घशातून टक् टक् आवाज निघे, बाटलीचं बूच उडावं तसा. आणि रीत अशी, की कुणी काही बोललं की त्याचे शेवटचे शब्द आपण परत म्हणायचे. तरच ऐकलं असं धरायचं.

तिथं कताल नावाची म्हातारी होडी चालवायची. गाव तिला नान म्हणे, म्हणजे आजी. तिच्या टक्‌नं पलीकडच्या काठावरचे बेडूक दचकून पाण्यात उड्या टाकत, असं म्हणतात.

एकदा फेर्मिन नावाचा जमीनदार गावाची टेकडी बळकावायला निघाला. गावाचं सरपण, मका, झरा सगळं त्या टेकडीवर. पलीकडच्या काठावर न्यायाधीश निवाड्यासाठी येऊन बसले होते. होडी एकच, म्हणून फेर्मिन नानच्याच होडीत बसला.

नाननं टेकडीकडे बोट करून तिचं नाव सांगितलं. तीन टक् आणि मध्ये एक श्वास. फेर्मिननं नुसती मान हलवली. नाननं वल्हं मांडीवर ठेवलं.

"काय झालं, म्हातारे?"

"तू ऐकलंच नाहीस, बाळा."

"ऐकलं, ऐकलं!"

"मग म्हण की."

ऊन डोक्यावर आलं. होडी डबक्यातल्या म्हशीसारखी निवांत. शेवटी फेर्मिननं नाव घेतलं.

"घशातून, बाळा. नाकातून नको."

मग खडकाचं नाव, झऱ्याचं नाव. एका नावाला एक वल्हं. तळं ओलांडेपर्यंत दुपार कलली.

काठावर उतरताच फेर्मिन म्हणाला, "साहेब, या लोकांना भाषाच नाही. नुसतं बेडकांसारखं डराव डराव करतात. टेकडीला नावसुद्धा नाही यांच्याकडे!"

होडी बांधता बांधता नाननं टेकडीचं नाव घेतलं. आणि फेर्मिनच्या घशानं ते आपोआप परत म्हटलं, तिन्ही टक् अगदी जागच्या जागी. मागोमाग काठावरच्या माणसांनी म्हटलं, मग बेडकांनी, शेवटी टेकडीनंही म्हटलं, असं म्हणतात.

न्यायाधीश हसले. "भाषा नाही म्हणता, आणि बोलता तर झकास!"

टेकडी गावाकडेच राहिली. फेर्मिनला मात्र मरेपर्यंत बायकोनं जेवायला हाक मारली, तरी आधी ती परत म्हणावी लागे.

आजही तिथं होडी सुटण्याआधी नावाडी नानची आठवण काढून टेकडीचं नाव घेतो. पाद्री असो की कोंबड्या घेऊन निघालेली बाई, परत म्हटल्याशिवाय होडी हलत नाही. कुणी चुकलं तर नावाडी रागवत नाही. वल्हं मांडीवर ठेवतो आणि हळूच म्हणतो, "घशातून, बाळा."

आणि होडीतले सगळे परत म्हणतात, "घशातून, बाळा."