पंगतीतली चौकशी

“मग काय, ज्याचं पोट तुडुंब भरलंय त्यालाही वाढायचं का, बुवा?”

लहानूबुवा कांदा चिरत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर हसू होतं.

“विचार, विचार. लहानपणापासून असंच डोकं खात आलास माझं.”

उत्तम पवळे ओशाळला. ह्याच मठाच्या ओसरीवर बुवांनी त्याला धुळाक्षरं शिकवली होती. आता तो परदेशातल्या एका बड्या विकाससंस्थेत सल्लागार होता. ही संस्था गरीब देशांना कर्ज देई आणि कर्जाबरोबर सल्ला देई. सल्ला कसला, अटच ती! उत्तमनं इकडे चार ओळी लिहिल्या की तिकडे मंत्री कायदे बदलायला बसत. त्याला ह्याचा अभिमान होता, आणि का नसावा? गाव सोडून एवढं शिकला होता पोरगा.

आत्ता प्रश्न होता समुद्रापलीकडच्या एका चिमुकल्या देशाचा. तिथं साठी उलटलेल्या प्रत्येकाला सरकार पेन्शन देत होतं. गरीब-श्रीमंत न पाहता, सरसकट. उत्तमच्या अहवालात लिहिलं होतं की हे बंद करा. जो अर्ज करून आपली गरज सिद्ध करील त्यालाच द्या. उद्या त्यावर सही करायची होती. त्याआधी बुवांचा हात डोक्यावर पडावा, एवढ्यासाठी तो आला होता.

“आणि गरज ओळखणार कशी?”

“अकरा प्रश्न आहेत. घराला छप्पर कसलं, मुलगा कमावतो का, कोंबड्या किती…”

“कोंबड्या?” सुरी थांबली. “खुडूक धरून, का सोडून?”

“थट्टा नका करू हो, बुवा! वाचलेल्या पैशातून खऱ्या गरजूला दुप्पट देता येईल.”

हे तो अगदी मनापासून म्हणाला. बुवांना ते कळलं. त्यांनी डोळे पुसले.

“म्हणजे आशीर्वाद पाहिजे.”

“हो.”

“देतो की. पण आज गुरुवार, पंगत बसलीय. ती वाढ आधी. आणि तुझ्या पद्धतीनं वाढ. विचारून विचारून, भुकेल्यालाच.”

उत्तमची कळी खुलली. एवढं सोपं!

त्यानं बाह्या सरसावल्या आणि आमटीभाताची बादली उचलली. ओसरीवर तीसेक माणसं पत्रावळी मांडून बसली होती. दर गुरुवारी कुणीही यावं, बसावं, अशी मठाची रीत.

पहिलेच बापूराव इंगळे. दोन ट्रॅक्टरांचे धनी, तब्येतही तशीच.

“काका, भूक आहे का?”

“आहे का म्हणजे? कडकडून लागलीय! वाढ, हात आखडू नको.”

उत्तमनं वाढलं. दोन पळ्या, वर तिसरी.

पुढं पारूबाई होती. पलीकडच्या तांड्यावरून चालत आलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

“मावशी, भूक आहे का?”

ओसरीवरच्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. पारूबाईनं पदर सावरला.

“नाही रे बाबा. आत्ताच तर जेवून आले. दर्शनाला म्हणून टेकले जरा.”

उत्तमला भरून आलं. काय प्रामाणिक माणसं! तो पुढं सरकला. तिच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारायच्या आधीच मान हलवली.

“माझं झालंय. सावलीला बसलोय नुस्ता.”

अशी ती पंगत वाढून झाली. कुणी जोरात मागितलं, कुणी हसून नको म्हटलं. उत्तम बादली घेऊन बुवांकडं जवळजवळ पळतच आला.

“बुवा, बघा! अर्धी बादली वाचली!”

बुवांनी बादलीत पाहिलं. मग ओसरीकडं पाहिलं…

गुडघ्यावर हात देऊन उठले, बादली घेतली आणि पारूबाईसमोर वाकले. विचारलं नाही. पळीभर आमटीभात घातला.

“नको, नको, बुवा… जेवलेय मी…”

ज्याला खरंच नको असतं, तो पत्रावळीवर हात आडवा धरतो. पारूबाईचे दोन्ही हात मांडीवरच होते.

बुवांनी आणखी एक पळी घातली. ती मान खाली घालून जेवायला लागली. भराभर जेवत होती बिचारी.

म्हाताऱ्यालाही वाढलं. मग त्याच्या पुढच्याला. बापूरावांच्या पानाशी बादली आली तेव्हा त्यांनी स्वतःच हात आडवा धरला. “बास, बुवा! आता कुठं घालू?” बुवा हसून पुढं गेले.

उत्तम खांबाला टेकून उभा होता. त्याचे कान तापले होते.

“बुवा, पण ती नाही म्हणाली होती. माझ्या तोंडावर नाही म्हणाली.”

“म्हणणारच. तू विचारलंस ना चारचौघांत.”

…

ओसरीवर बोटं चाटण्याचा, भुरक्यांचा आवाज तेवढा येत होता. बुवांनी एक पत्रावळ घेतली आणि पंगतीच्या शेवटी, पारूबाईच्या ओळीतच, मांडली.

“बस.”

उत्तम मांडी घालून बसला. पहाटे गाडी काढल्यापासून त्याच्या पोटात चहाचा घोटही गेला नव्हता. आमटीच्या वासानं जीव नुसता कासावीस झाला होता.

बुवा बादली घेऊन समोर उभे राहिले. पळी भरली आणि तशीच वर धरून ठेवली.

“काय रे उत्तमा,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “भूक आहे का?”

पंगतीतल्या तीस माना वळल्या. बापूराव घास हातात धरून बघत राहिले. पारूबाईसुद्धा बघत होती.

उत्तमनं नजर पत्रावळीकडं वळवली.

“नाही… नाही, बुवा. वाटेत खाल्लं होतं मी.”

बुवा त्याच्याकडं बघत राहिले, मायेनं. मग त्याच्या पानात आमटीभाताचा हा एवढा ढीग घातला, पळी बादलीत टाकली आणि रिकामा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

“जेव, लबाडा. आणि मग लिही त्या अहवालात, भूक कशी विचारायची ते.”