गोजराचं गेळ

उकाळ्याची वाटी घेऊन इथे पारावर बसा, पण झाडाला टेकू नका. काटे फार वाईट आहेत. हे गेळाचं झाड. देवळासमोर वड असावा, पिंपळ असावा. कुरवळवाडीच्या लोकांनी हे काटेरी झुडूप पार बांधून कशाला जपलंय, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. याचं फळ पोटात गेलं की आतडी पिळवटून सगळं बाहेर पडतं. जुने वैद्य तेवढ्यासाठीच ते जवळ ठेवत. एरवी गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

या डोंगरात चहाची पत्ती आली नव्हती तेव्हाची गोष्ट सांगतात. आज पार आहे तिथे सटवाजी नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. थोरली सून गोजरा. ती लहानपणीच या घरात आली आणि सासूच्या हाताखाली उकाळा करायला शिकली. वाळवलेले आवळे, सुकी बोरं आणि ठेचलेलं आलं मडक्यात घालायचं, मंद आचेवर उकळू द्यायचं, आणि मडकं खाली उतरवल्यावर मग गूळ. सासू गेल्यावर मान गोजराकडे आला. सकाळी रानात जाण्याआधी सगळी वाडी तिच्या ओटीवर येऊन वाटीभर उकाळा पिऊन जायची. हिवाळ्यात खोकला नाही की अंगात कणकण नाही. लोक म्हणत, गोजराच्या हाताला गुण आहे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घाटाखालून तुळसा आली. येताना तिने माहेरची आमसुलं आणि वाळलेली करवंदं आणली होती. तिने आपलं वेगळं मडकं चढवलं, त्यात आवळ्याबरोबर आमसूल घातलं, मूठभर करवंदं घातली, वरून मिठाची चिमूट. रंग असा लाल उतरला की लोक आधी नुसते बघतच राहिले.

पहिल्यांदा दोघे-चौघे तिच्याकडे गेले. नंतर निम्मी ओटी तिकडे सरकली. गोजरा आपल्या चुलीशी बसून ऐकायची. कुणी घोट घेऊन ‘वा’ म्हटलं की तिच्या हातातली पळी थांबायची. तुळसाचं मडकं खरवडलेलं आणि आपलं अर्धं भरलेलं, हे तिला रोज दिसायचं. तुळसा मात्र रोज पहिली वाटी तिच्याकडे घेऊन यायची आणि म्हणायची, “अक्का, चव बघा. तुम्ही बरा म्हणालात की मग वाढते.” गोजराला वाटायचं, ही मला खिजवायला येते. ती वाटी घेऊन आत जायची, मागच्या दाराने राखेवर ओतायची आणि बाहेर येऊन म्हणायची, “बरा झालाय.” म्हणे, त्या घराच्या मागची राख लाल झाली होती.

त्या वर्षी सटवाजी तापाने अंथरुणाला खिळला. अंगावर नुसती कातडी उरली. अन्न टिकेना. गोजराने त्याला चमच्या-चमच्याने उकाळा पाजून धरून ठेवलं. ते काम तिने कुणाला करू दिलं नाही. म्हातारा तरी आपला आहे, एवढाच तिला दिलासा होता.

एके दिवशी तिने मन घट्ट केलं. तुळसाच्या डब्यातली आमसुलं कुणी नसताना घेतली आणि आपल्या मडक्यात घातली. म्हाताऱ्याला वाटी दिली. दोन घोट घेतल्यावर त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली. तो म्हणाला, “आज धाकटीनं केला वाटतं? उद्यापासून तिच्याच हातचा दे गं मला.”

गोजरा उठली. वाटी धुतली, पालथी घातली आणि रानात गेली. येताना तिच्या पदरात गेळफळं होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळसा मडकं चुलीवर ठेवून झऱ्याला गेली, तेव्हा गोजराने फळं ठेचून त्यात टाकली. सगळी ओटी ओकू दे, मग कोण हिच्या दारात उभं राहतं ते बघते, एवढंच तिच्या मनात होतं. म्हाताऱ्याचं बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं, पण त्या मडक्यातली वाटी त्यालाही जाणार, हे त्या जळत्या डोक्यात आलंच नाही.

उजाडलं. लोक जमले. तुळसा दोन वाट्या घेऊन आली.

“अक्का, ही तुमची. आणि ही मामंजींची. काल त्यांनी मागितला म्हणे. पण तुम्ही चाखल्याशिवाय मी त्यांना देणार नाही. तुम्हीच त्यांना इतके दिवस जगवलंय.”

आतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला. एक उलटी झाली असती तर तो पुन्हा उठला नसता. गोजराने ती दुसरी वाटी तिच्या हातातून घेऊन अंगणात भिरकावली.

“मामंजींना नको देऊस.”

“का? तुम्ही चाखलाच नाही अजून.”

सगळी ओटी बघत होती. आंबट झालाय म्हणून सुटता आलं असतं. पण मग तुळसाच्या हाताला नाव ठेवलं गेलं असतं, आणि पहाटे गोजराला तेवढंच तर हवं होतं. तिने आपली वाटी उचलली आणि सगळ्यांदेखत तळापर्यंत प्यायली. मग म्हणाली, “यात गेळ आहे. मी टाकलंय. मला हिचं बघवत नव्हतं.”

थोड्याच वेळात तिची आतडी पिळवटली. लोक मागे सरले. तुळसाने मात्र तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाठ चोळली, तोंड पुसलं. दुपार उलटली तरी ती हलली नाही. गोजरा शुद्धीवर आली तेव्हा तुळसा एवढंच म्हणाली, “उद्याही पहिली वाटी तुमचीच, अक्का. पण आता राखेवर ओतायची नाही. माझ्यासमोर प्यायची.”

म्हणजे राखेवरचं तिला पहिल्यापासून माहीत होतं.

ते मडकं अंगणात जिथे ओतलं तिथे हे झाड उगवलं, असं सांगतात. सटवाजी बरा झाला. गोजराचा मत्सर गेला का? नाही गेला. तुळसाचा उकाळा तिला मरेपर्यंत आवडला नाही, असंच सांगतात. पण रोज सकाळी ती तो प्यायली, आणि आपला तुळसाला पाजला.

आजही कुरवळवाडीत नवी सून आली की तिच्याकडे मडकं देतात आणि बायका विचारतात, “तुझी पहिली वाटी कुणाला?” जिचं बघवत नाही तिचं नाव घ्यायचं. त्यात लाज नाही, भांडण नाही. आणि जिचं नाव घेतलं, ती बाई दुसऱ्या दिवशी अंगण झाडून, तोंड वाकडं करून, दाराशी वाट बघत बसलेली असते.