भागोजीने पाडलेले गट

एका गावात भागोजी नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या आत्याचा. गाव सरळ ठोंब्या म्हणायचं. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमेना. शेवटी कशीबशी एक सोयरीक जुळली, तेव्हा आत्याने बजावलं, "आता लगीन हुईस्तवर सांगंल तेवढंच करायचं. डोकं चालवायचं न्हाई."

भागोजीने नवा फोन घेतला. फोनने विचारलं, 'ओळखीच्यांचे गट आपोआप करू?' डोकं चालवायचं नव्हतंच. भागोजी म्हणाला, "कर बाबा."

फोनने आडनावं बघून गट पाडले. गुरांचे डॉक्टर गायकवाड आणि होणारे सासरे गायकवाड एकाच गटात पडले. भागोजीने गटावर लिहिलं, 'उद्या दात बघायला या. शेपटी मी धरतो.'

सासरे हबकले. आत्या कडाडली, "फोनला काय डोंबल कळतंय? आडनाव न्हाई, कोण आपल्याला काय देतं ते बघ, आन् तुझ्या हातानं गट कर!"

भागोजीने विचार केला. पेंडवाला पेंड देतो. सासरे मुलगी देतात. दोघे देणारे. त्याने दोघांचा एक गट केला आणि लिहिलं, 'माल वेळेवर पोचवा. मागच्यासारखा किडका निघाला तर परत पाठवीन.'

सासरे तडक घरी आले. "मला न विचारता त्या गटात घातलंच कसं?"

आत्याने त्यांचे पाय धरले. लग्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून त्यांनी राग गिळला. मुलीपेक्षा पत्रिकांची काळजी जास्त.

ते गेल्यावर आत्याने भागोजीचा कान पिळला. "विचारल्याबिगर कुणालाबी गटात घ्यायचं न्हाई. जल्मात न्हाई!"

भागोजीने ते पाठ केलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट बाजूला झाला. नवरीने, म्हणजे यमुनाने, हार उचलला. भागोजी दोन पावलं मागे सरला.

"थांबा. आमच्या घरच्या गटात यायचं हाय का तुमास्नी?"

मांडव खो खो हसला. मांडवात चारशे शहाणी माणसं होती. गुण जुळवणारे होते, मानपानावरून भांडणारे होते. यमुनाला हे विचारायचं मात्र त्यांतल्या एकालाही सुचलं नव्हतं.

यमुनाने हार खाली ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली, आणि मांडवाबाहेर चालती झाली.

आत्या मटकन खाली बसली. भागोजी खुशीत तिच्याकडे वळला.

"बरं झालं इचारलं, आत्ये! भलत्याच गटात पडली असती की बिचारी."