हौसेचा सामना

एका देशात गावोगावी फुटबॉलचे वेड होते. प्रत्येक गावाचा एक संघ; त्यांतले अव्वल बारा श्रेष्ठ साखळीत खेळत, बाकीचे खालच्या साखळीत. वर्षभरात प्रत्येक संघ उरलेल्या अकरा संघांशी दोनदा लढे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा परक्याच्या. बावीस सामन्यांनंतर जो पहिला, त्याला चांदीचा चषक मिळे. जो शेवटचा, त्याला श्रेष्ठ साखळी सोडून खालच्या साखळीत जावे लागे. अखेरच्या दिवशी सहाही सामने एकाच घटकेला सुरू होत. दुसरीकडचा निकाल पाहून कोणी आपला खेळ बेतू नये, म्हणून हा नियम. लबाडीचा दरवाजा नियमाने बंद केला होता. बेपर्वाईला मात्र दरवाजा लागत नाही.

या बारांत हेमनगरचा संघ बलाढ्य. तो घडवला होता रायाजी वस्तादांनी. माणूस जिभेचा तिखट, शिस्तीचा कडक. बूट पुसलेले नसले तर ते नावाजलेल्या आघाडीवीरालाही घरी पाठवीत. पण एक लाडाची प्रथा त्यांनीच पाडली होती. विजेतेपद आधीच निश्चित झाले, तर अखेरचा सामना 'हौसेचा'. त्या दिवशी ज्याला जिथे खेळायची हौस, त्याने तिथे खेळावे. गोलरक्षकाने गोल करायला धावावे, आघाडीवीराने गोलात उभे राहावे. लोक पोट धरधरून हसत. आजवर अशा सामन्यातला प्रतिस्पर्धी गुणतक्त्याच्या मधल्या रांगेतला असे. त्याला हार काय नि जीत काय, सारखेच. त्यामुळे कुणाचे काही बिघडले नव्हते.

यंदा हेमनगरने तीन सामने बाकी असतानाच विजेतेपद मिळवले, आणि अखेरच्या दिवशी त्यांच्या मैदानावर यायचा होता मोरवंडीचा संघ. मोरवंडी तक्त्यात सर्वांत खाली होती. तिच्यावर अवघ्या एका गुणाने खारपेठ. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. हेमनगरने मोरवंडीला हरवले, की खारपेठ तरली.

खारपेठ हे मिठागरांचे गाव. तिथल्या जमिनीत गवताची काडी रुजत नसे. श्रेष्ठ साखळीत यायचे तर हिरवे मैदान हवे, म्हणून अख्ख्या गावाने दोन वर्षे डोंगरातून गोडी माती पाट्यांनी वाहून आणली होती. एकोणीस वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचा संघ वर चढला होता. आता तो राहणार की जाणार, हे दोन मैदानांवर ठरायचे होते, आणि त्यांतले एक त्यांच्या पायांखाली नव्हते.

सामन्याच्या तीन दिवस आधी हेमनगरचा कर्णधार इंद्रसेन वस्तादांकडे आला.

"वस्ताद, हौसेचा सामना होणार ना? आपला गोलरक्षक गोल केल्यावर नाचायचं कसं, त्याचा सराव करतोय आतापासून."

वस्तादांनी गुणतक्ता पाहिला होता. 'यंदा नको' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेही. पण जिंकलेल्यांना नाही म्हणणे जड जाते, आणि ते हसरे चेहरे पाहायचा मोह त्यांनाही होता.

"बरं," ते म्हणाले.

सामना सुरू झाला. अर्ध्या तासात मोरवंडीने तीन गोल केले. गोलात उभ्या असलेल्या आघाडीवीराने तिसरा चेंडू डोक्यावरच्या टोपीत झेलायचा प्रयत्न केला. प्रेक्षकांत हशा उसळला. वस्ताद हसले नाहीत. त्यांच्या कानशिलावरची शीर तटतटली.

मध्यंतर होताच ते गरजले, "आपापल्या जागा घ्या."

"पाऊण तासासाठी कशाला, वस्ताद?" गोलरक्षक म्हणाला. "आत्ता कुठं मला गोलाचा वास लागलाय."

"जागा घ्या म्हणतो ना? तिकडे एक गाव जीव मुठीत धरून बसलंय, आणि तुम्ही टोप्या कसल्या नाचवताय?"

सर्वांनी निमूटपणे जागा घेतल्या. हेमनगरने दोन गोल फेडले, तिसरा काही झाला नाही. धनुष्यावरून उतरवलेली प्रत्यंचा हाक मारताच चढत नसते. मोरवंडीने तीन विरुद्ध दोन असा विजय मिळवला. त्याच वेळी दूरच्या मैदानावर खारपेठने आपल्याहून सवाई प्रतिस्पर्ध्याला अखेरच्या मिनिटाला बरोबरीत रोखले होते. एरवी तेवढे पुरले असते. आता मोरवंडी एका गुणाने वर गेली आणि खारपेठ बुडाली.

हेमनगरात ढोल वाजू लागले. चषक स्वीकारायला सारा संघ उभा होता. इंद्रसेन वस्तादांना न्यायला आला.

"चला, वस्ताद. सगळे खोळंबलेत."

"मी येणार नाही."

"पण आपण नियम कोणता मोडला? कुणाचे पैसे खाल्ले नाहीत, कुणाशी संगनमत केलं नाही."

"पैसे खाल्ले असते तर खारपेठला बोट दाखवायला एक चोर तरी सापडला असता," वस्ताद कडाडले. "तुम्ही तिला बुडवलंत आणि बुडवताना तिचं नावही तुम्हाला आठवलं नाही. उनाड पोरं मुंग्यांचं वारूळ तुडवतात ना, ती निदान खाली बघून तुडवतात."

इंद्रसेनची मान खाली गेली. तो हलकेच म्हणाला, "प्रथा तुमची होती, वस्ताद. आणि मी विचारलं, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

इतका वेळ दुसऱ्यांवर धावून जाणारा वस्तादांचा संताप वाट चुकलेल्या जनावरासारखा धन्याच्याच दारी येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच खारपेठला गेले. तिथला कर्णधार जोमा मैदानाला पाणी घालत होता. त्याने वस्तादांना ओळखले, पण हातातली घागर खाली ठेवली नाही.

"या, वस्ताद. चषक दाखवायला आलात, का पोरांची हौस फिटली ते सांगायला?"

"हौस पोरांची होती, प्रथा माझी. तुझ्यापुढे हात जोडतो, जोमा."

"हात जोडले की गुण मिळतो का? मिळत असेल तर दोनदा जोडा. आम्हाला दोनच हवेत."

वस्ताद म्हणाले, "मी हेमनगर सोडून इथे येतो. वर्षभर तुमचा संघ घडवतो. पुन्हा वर नेऊन बसवतो."

आता जोमाने घागर खाली ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, पण डोळे पेटलेले होते.

"जिंकावं कसं, ते तुमच्याइतकं आम्हाला येत नाही, कबूल. पण साखळी बावीस सामन्यांची असते, वस्ताद. आम्ही बावीस खेळलो. तुम्ही एकवीस खेळलात आणि चषक घरी नेलात. शिकवायचं काम तिकडे आहे. तिकडेच जा."

एवढे बोलून त्याने घागर उचलली आणि तो पुन्हा पाणी घालू लागला.

वस्ताद हेमनगरला परतले. त्याच दिवशी त्यांनी हौसेचा सामना कायमचा बंद केला. खारपेठला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी तिच्या हिरव्यागार मैदानावर श्रेष्ठ साखळीतला एकही संघ उतरला नाही.

तात्पर्य: ज्या कामात आपले काहीच जाणार नसते, त्यात दुसऱ्याचे सर्वस्व गुंतलेले असू शकते, म्हणून सचोटीची खरी परीक्षा गरज असताना नव्हे, गरज संपल्यावर होते.