मौनातले चार घास

एका गावात देवाधर्माची आवड असलेली एक बाई राहत होती. सगळे तिला काकू म्हणत. चातुर्मासात त्या मौनानं जेवायच्या. पाटावर बसल्या की शब्द नाही, मानेची खूणसुद्धा नाही. हात धुतल्यावरच तोंड उघडायचं. शेजारणी थट्टा करायच्या, "काकूंच्या पाटाखाली विंचू निघाला तरी त्या आधी भात संपवतील." काकू हसायच्या. बारा वर्षांचा नेम होता आणि हे बारावं वर्ष. कार्तिकात उद्यापन करायचं ठरलं होतं.

शेजारच्या घरात सगुणा नावाची नवी सून आली होती. एका सकाळी तिच्या सासूनं चांदीच्या वाटीतून गाईला नैवेद्य दिला आणि वाटी गव्हाणीवरच विसरून ती घरात गेली. काकूंनी हे परसातून पाहिलं. मागाहून सांगू म्हणून त्या स्वयंपाकाला लागल्या.

दुपारी काकू जेवायला बसल्या तोच सासू सुनेचा दंड धरून दारात आली. मागे चार बायका होत्या.

"काकू, देवाची वाटी गेली बघा. हिच्या माहेरी चांदी पाहिलीय कुणी? फिरली नजर. आणि वर म्हणते, सकाळी काकू परसात होत्या, त्यांना विचारा."

सगुणा रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगाल ते मला कबूल आहे."

काकूंच्या ओठांवर शब्द आला. 'गोठ्यात', एवढंच म्हणायचं होतं. पण समोर ताट होतं, मागे बारा वर्षं होती. चार घासांचा तर प्रश्न आहे, आटोपून लगेच सांगते, असं मनाशी म्हणत त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवला.

एक बाई म्हणाली, "अहो, त्यांचं मौन आहे."

"पोरीच्या अब्रूपुढं मौन कसलं?" सासू म्हणाली. "हिचा दोष नसता तर काकू बोलल्याच असत्या. मी काय ओळखत नाही त्यांना?"

ते सगळ्यांनाच पटलं.

काकू हात धुऊन धावत शेजारी गेल्या. वाटी गव्हाणीतल्या वैरणीत पडलेली सापडली. पण तोवर सगुणाच्या नवऱ्यानं तिला गाडीत बसवून माहेरच्या वाटेला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आणायला गेला, तर तिनं दार उघडलं नाही.

काकू देवळात पुराणिकबुवांकडे गेल्या. सगळं सांगून त्यांनी विचारलं, "बुवा, नेम मोडला नाही, तरी पाप लागतं का?"

बुवांनी समोरची पोथी मिटली. "पोथीत असं पाप लिहिलेलं नाही. पण तो घास गिळताना तुम्हाला काय वाटलं?"

"घशात अडकला."

"मग देवानं अडवलं होतं की तुम्हाला. नेम मोडला म्हणून तो रागावला नसता हो. तो काही ताटावर पहारा करत बसत नाही."

"प्रायश्चित्त सांगा. उपास धरू?"

"उपासानं त्या पोरीला काय मिळणार? तिच्याकडे जा."

काकू गेल्या. सगुणानं पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली.

"सासूबाईंचा राग नाही आला, काकू," ती म्हणाली. "त्यांचा स्वभावच तसा. तुमच्याकडे मात्र मी आशेनं पाहिलं होतं."

ती सासरी परतली नाही. काकूंनीही आग्रह केला नाही. तो करायचा हक्क आपला उरला नाही, हे त्यांना कळलं होतं. गावात आल्यावर त्या दारोदार गेल्या. प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून म्हणाल्या, "पोर निर्दोष होती. मला ठाऊक होतं आणि मी जेवत बसले."

त्या कार्तिकात उद्यापन झालं नाही.

तात्पर्य एवढंच: नेम चुकला तर देव सांभाळून घेतो, पण आपल्या एका शब्दानं कुणी वाचत असताना तो गिळून टाकणं, यालाच पाप म्हणावं.