चिंगुलीने चाटलं विरजण

एक होती उंदरी. तिचं नाव चिंगुली. अंगानं सुपारीएवढी, पण खाण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि दही म्हटलं की झालंच!

एकदा काय झालं, वाटीतलं दही संपलं. तळाशी राहिलं चमचाभर. ते चमचाभर खायचं नसतं बरं का. ते असतं विरजण. ते दुधात घालायचं, मग उद्याचं दही लागतं. चिंगुलीला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं एक बोट लावलं. लप्! मग दुसरं बोट लावलं. लप् लप्! वाटी लख्ख.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "चिंगुले, उद्या मी मामाकडे जाते हं. मामीला बाळ झालंय, बघून येते. दोन दिवस बाबांजवळ राहायचं, शहाण्यासारखं. आणि सकाळी माझ्या हातावर दही तूच ठेवायचं!"

चिंगुलीच्या काळजात धस्स झालं. लांब जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणजे ते माणूस सुखरूप परत येतं. आईच सांगायची तसं. आणि दही तर गेलं हिच्या पोटात! आई परत आलीच नाही तर?

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली गेली दुकानात. दुकान होतं खेकडूशेठचं. एका नांगीत तराजू, दुसऱ्या नांगीत पुडी.

"खेकडूशेठ, खेकडूशेठ, विरजण द्या."

"संपलं गं बाळे! आज बेडकांच्या घरी लग्न. आळीतलं सगळं दही मठ्ठ्याला गेलं. आता विरजण कुणाकडेच नाही."

चिंगुलीचे डोळे भरले. टपकन एक थेंब पडला.

"अगं, रडतेस काय? विरजण नाही तर नाही. मिरचीचे देठ आण. कोमट दुधात टाक, झाकण ठेव. सकाळी दही!"

"मिरचीचं दही? तिखट लागेल ना!"

"देठांचं गं, देठांचं. पळ!"

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली गेली मिरचीकडे. मिरची उभी होती अंगणात, मान खाली घालून.

"मिरचीताई, मिरचीताई, देठ दे.
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

मिरची म्हणाली, "मी नाही देत जा! तहानेनं जीव चाललाय माझा. आधी झारीला पाणी घालायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली गेली झारीकडे.

"झारीबाई, झारीबाई, पाणी घाल.
मिरची देठ देईना,
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

झारी म्हणाली, "मी नाही घालत जा! माझ्या तोटीत कोळ्यानं घर केलंय. पाणी सोडलं तर वाहून जाईल बिचारा. आधी त्याला सरकायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली चढली तोटीवर. आत डोकावली.

"कोळीदादा, कोळीदादा, सरक.
झारी पाणी घालेना,
मिरची देठ देईना,
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

कोळी म्हणाला, "मी नाही सरकत जा! सरकून जाऊ कुठे? खिडकीत जागा छान आहे, पण तिथे मनी पसरलीय. आधी तिला उठायला सांग."

मनी! मनी म्हणजे कोण? मांजर! चिंगुली दोन पावलं मागे सरकली. पण आईचं काय? गेली बापडी. तुरु... तुरु... तुरु... आणि कुंडीच्या मागूनच म्हणाली,

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ.
कोळी सरकेना,
झारी पाणी घालेना,
मिरची देठ देईना,
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

मनीनं एकच डोळा उघडला. "मी नाही उठत जा! पोट भरलंय म्हणून तुझं ऐकून तरी घेतलं. कसं छान ऊन आलंय! आधी ढगाला ऊन झाकायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली गेली अंगणाच्या मधोमध. मान केली वर. आणखी वर. आणखी वर. धप्प! पडली उताणी. पडल्या पडल्याच म्हणाली,

"ढगोबा, ढगोबा, ऊन झाक.
मनी उठेना,
कोळी सरकेना,
झारी पाणी घालेना,
मिरची देठ देईना,
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

ढग म्हणाला, "मी नाही झाकत जा! मला का पाय आहेत? आधी वाऱ्याला ढकलायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु. चिंगुली गेली कुंपणापाशी. वारा तिथे बसला होता, गाल फुगवून.

"वारेबुवा, वारेबुवा, ढकल.
ढग ऊन झाकेना,
मनी उठेना,
कोळी सरकेना,
झारी पाणी घालेना,
मिरची देठ देईना,
देठ नाही तर दही नाही,
दही नाही तर आईच्या हातावर ठेवू काय?"

वारा म्हणाला, "मी नाही ढकलत जा! मी आलो की सगळे धाडकन दार लावतात. कुणी मला 'ये' म्हणतच नाही."

एवढंच? चिंगुली पळत घरी गेली. इवल्या हातांनी दार ढकललं. कर्रर्र! दार सताड उघडलं. मग दारात उभी राहून ओरडली,

"ये रे वाऱ्या, ये! आमच्या घरी ये!"

वाऱ्याचे गाल खुदकन हसले. आणि वारा निघाला की हो! सूंऽऽ सूंऽऽ सूंऽऽ!

वाऱ्यानं ढग ढकलला.
ढगानं ऊन झाकलं.
मनी उठली, आळस देत निघून गेली.
कोळी सरकला, खिडकीत जाऊन बसला.
झारीनं पाणी घातलं. झुळझुळ झुळझुळ.
मिरचीनं मान वर केली. हिरवीगार झाली. म्हणाली, "घे गं राणी, घे! एक नको, चार घे!"

चिंगुलीनं चार मिरच्या आणल्या. बाबांनी देठ खुडले. दूध कोमट केलं. बोट बुडवून पाहिलं. फार गरम नाही, फार गार नाही. देठ टाकले टुपुक टुपुक टुपुक टुपुक. वर झाकण. "आता वाटीला हलवायचं नाही हं," बाबा म्हणाले. चिंगुलीनं वाटीला हात लावला नाही. शेपटीसुद्धा लावली नाही.

सकाळ झाली. झाकण उघडलं. दही लागलं होतं! जरासं सैल होतं, पण दहीच. तिखट? छे! बाबांनी देठ काढून टाकले आणि वर साखर भुरभुरली.

आई गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. चिंगुलीनं तिच्या हातावर दही ठेवलं. मग मान खाली घातली.

"आई, विरजण मी चाटलं होतं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "कालपासून मिशीला लागलंय तुझ्या!" आणि तिनं चिंगुलीची मिशी पुसली, पापा घेतला आणि निघाली.

वाटीत दही उरलं होतं. चिंगुलीनं खाल्लं. लप् लप् लप्! तळाशी राहिलं चमचाभर. चिंगुलीनं बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं.

"हे आईचं," ती म्हणाली. "आई आली की तिला ताजं दही लागेल."

चमचाभर दही दुधात गेलं. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. दारात पावलं वाजली. तुरुतुरु तुरुतुरु.

कोण आलं?

आई आली! आणि वाटीत दही होतं, चांगलं घट्ट.

वाटी भरली, आई आली, गोष्ट आमची पुरी झाली. पण तळाचा चमचा कुणी चाटायचा नाही हं!