जीप गप्प बसेना

एक होती लावी. मुठीएवढी, मातीच्या रंगाची. उडायचा आळस, पळायची हौस. तिला होतं एक पिल्लू. सुपारीएवढं.

लावी पुढं, पिल्लू मागं. तुरु तुरु, तुरु तुरु. पिल्लू मागून म्हणायचं, "पीट." लावी म्हणायची, "हूं." दिसलं नाही तरी चालतं. ऐकू आलं की झालं.

दोघं निघाली हसन मिस्त्रीच्या गॅरेजमागून. तिथं उभी होती गोदाक्काची जीप. जीपचा सायलेन्सर फुटलेला. जीप चालू झाली.

भडाड भड, भडाड भड!

लावी थांबली. मागं वळली. पिल्लू नाही. गवतात नाही. विटांमागं नाही. हाक मारली, तर तिची हाक तिलाच ऐकू येईना.

वर होती घार. आभाळाएवढी उंच. गोल गोल फिरत होती. घारीला ऐकायची गरज नाही. तिला लांबचं दिसतं.

लावी पळाली जीपकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"जीपताई, जीपताई, गप्प बस. माझं पिल्लू ऐकू येईना."

जीप म्हणाली, "कशी बसू? माझा आवाज सायलेन्सरात शिरतो. आत भोकाभोकांतून फिरतो. इथं आपटतो, तिथं आपटतो. दमतो. मग मऊ होऊन बाहेर येतो. आता सायलेन्सरच फुटला. आवाज दमायच्या आधीच बाहेर पळतो. आणि बंद पडले तर मी परत चालू होत नाही. मिस्त्री डाग देईल, तर गप्प बसेन."

पत्र्याचा तुकडा चिकटवून भोक बुजवायचं. मिस्त्री लोक त्याला डाग म्हणतात.

लावी गेली मिस्त्रीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. मिस्त्री फडक्यानं जीप पुसत होता. पुसलेलीच परत पुसत होता.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, डाग द्या.
जीप गप्प बसेना,
माझं पिल्लू ऐकू येईना."

मिस्त्री म्हणाला, "मी नाही देणार. अक्कानं सकाळीच बजावलंय, माझ्या गाडीला एकसुद्धा डाग नको. अक्का हो म्हणेल, तर देईन."

घार खाली आली. नारळाच्या शेंड्याएवढी.

लावी गेली अक्काकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. अक्का बाकड्यावर बसलेली. दोन्ही कानांत कापूस. लावी तिच्या गुडघ्यावर चढली.

"अक्का, अक्का, कापूस काढा.
मिस्त्री डाग देईना,
जीप गप्प बसेना,
माझं पिल्लू ऐकू येईना."

अक्का म्हणाली, "बाई गं, तुझी चोच हलते तेवढी दिसते. कापूस मी काढणार नाही. एकीकडून जीप, एकीकडून कुत्रा. कुत्रा भुंकायचा थांबला, तर काढीन."

लावी गेली कुत्र्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. कुत्रा म्हणजे केवढा. पण ती मागं सरली नाही.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, थांब.
अक्का कापूस काढेना,
मिस्त्री डाग देईना,
जीप गप्प बसेना,
माझं पिल्लू ऐकू येईना."

कुत्रा म्हणाला, "माझ्या गोणपाटावर गाढव उभं आहे. मी झोपू कुठं? गाढव हललं, तर थांबेन. भू भू."

घार खाली आली. विजेच्या खांबाएवढी.

लावी गेली गाढवाकडे. पाय दुखायला लागले. तरी तुरु तुरु, तुरु तुरु.

"गाढवदादा, गाढवदादा, हल.
कुत्रा भुंकायचा थांबेना,
अक्का कापूस काढेना,
मिस्त्री डाग देईना,
जीप गप्प बसेना,
माझं पिल्लू ऐकू येईना."

गाढव म्हणालं, "कानात गोमाशी शिरलीय. हललो की चावते. गोमाशी निघाली, तर हलेन."

घार खाली आली. गॅरेजच्या पत्र्याएवढी. तिची सावली लावीवरून गेली. सर्रकन.

लावी चढली गाढवाच्या पाठीवर. पाठीवरून मानेवर. मानेवरून कानाशी.

"गोमाशी, गोमाशी, नीघ.
गाढव जागेवरून हलेना,
कुत्रा भुंकायचा थांबेना,
अक्का कापूस काढेना,
मिस्त्री डाग देईना,
जीप गप्प बसेना,
माझं पिल्लू ऐकू येईना."

गोमाशी म्हणाली, "नाही निघत. आत गार आहे. तू एवढीशी. तू काय करणार मला?"

लावीनं विनवणी बंद केली. सकाळपासून ती उपाशी होती, आणि लाव्या माश्या खातात. तिनं कानात डोकं घातलं. चोच उघडली. आ.

गोमाशी निघाली. भुर्रर्र.

गाढव हललं. कुत्रा गोणपाटावर आडवा झाला. भुंकायचा थांबला. अक्कानं कापूस काढला, आणि मिस्त्रीला विचारलं, भोक अजून तसंच कसं?

मिस्त्री म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, एकसुद्धा डाग नको."

"अहो, ऑइलचा डाग नको म्हणाले मी. हा डाग द्या. चांगला जाड द्या."

मिस्त्रीनं किल्ली फिरवली. खट्ट. जीप बंद.

लावीनं हाक मारली, "हूं?"

काही नाही.

पिल्लू होतं, पण बोलत नव्हतं. आवाज परत येईल म्हणून भ्यालं होतं.

मिस्त्रीनं ठोकलं. ठक ठक. डाग दिला. चर्रर्र. मग जीप ढकलली. अक्कानं ढकलली, गाढवानं ढकलली. कुत्रा नुसता बाजूनं पळाला.

जीप चालू झाली.

गुर गुर, गुर गुर. आवाज आत फिरला, आपटला, दमला, आणि मऊ होऊन बाहेर आला.

तेव्हा कुठूनतरी आलं, अगदी बारीक:

"पीट."

भिंतीजवळ एक जुना टायर आडवा पडलेला. त्याच्या मधोमध पिल्लू, विटांवरून आत पडलेलं. चढता येईना, निघता येईना. लावीनं पाहिलं. घारीनंही पाहिलं.

घारीनं पंख मिटले. सुटली खाली.

लावी पळाली नाही. लावी उडाली. भर्रर्र. टायरात पडली. पिल्लाला चोचीनं ढकललं टायरच्या रबराआतल्या पोकळीत, आणि आपण शिरली मागोमाग.

घारीच्या नख्यांत आलं रबर. तिनं एक टोच मारून पाहिली. तोंड वाकडं केलं आणि गेली.

पोकळीत अंधार होता. पिल्लाचं काळीज टुक टुक, टुक टुक वाजत होतं. लावीनं त्याला पोटाखाली घेतलं. टुक टुक हळू झालं. आणखी हळू झालं. ती ऐकत राहिली.

जीप कधी निघून गेली, कुणाला कळलंसुद्धा नाही. गोष्टही तिच्यातच बसून गेली.